खोडव्यात केवडा दरवर्षी त्याच जागी का येतो? चुनखडीच्या पोयट्याची तपासणी आणि उपाय

आधी तक्रार सांगतो. ती तुमचीही असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

लागणीचा ऊस बरा येतो. ऊस तुटून गेला, खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) राखला, पाणी दिलं, फुटवाही चांगला निघाला. आणि दीड-दोन महिन्यांत फडात पिवळे पट्टे दिसायला लागतात. पोंग्यातलं नवं पान आधी फिकट होतं. मग शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. फार झालं की अख्खं पान केवड्याच्या पातीसारखं पांढुरकं, म्हणून याला केवडा म्हणतात. खालची जुनी पानं मात्र हिरवीच. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) फवारला की आठवड्यात रंग येतो, पण त्यानंतर निघालेलं पान परत पिवळं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि तेही अगदी त्याच जागी.

या "त्याच जागी"कडे मी तीन वर्षं लक्ष दिलं नाही. सगळी चूक तिथंच होती.

आमचं रान माणगंगेच्या खोऱ्यात, आटपाडीच्या बाजूला. पाऊस वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. आधी इथं बाजरी, ज्वारी, थोडी करडई. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तसं आम्हीही दीड एकर मशीन लावून सपाट करून घेतलं आणि ऊस लावला. आधी उताराचं, वळणावळणाचं रान होतं. मशीनवाल्यानं दोन दिवसांत टेबलासारखं केलं. तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

तीन वर्षांचा खर्च, थोडक्यात

पहिल्या वर्षी दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण आणून फवारलं. चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी माती तपासली. अहवालात सामू (पीएच) ८.३. दुकानदार म्हणाले, "मास्तर, सामू आठच्या वर म्हणजे जमीन चोपण. जिप्सम टाका." टाकलं. काहीही झालं नाही. बरं झालं नाही आणि वाईटही झालं नाही. तिसऱ्या वर्षी ठिबकमधून चिलेटेड लोह, म्हणजे जखडू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, सोडलं. पुडीवर त्या धरणाऱ्या रसायनाचं नाव ईडीटीए लिहिलेलं होतं. किंमत बघून वाटलं, आता तरी हिरवं होईल. झालं नाही.

सगळ्यात गंमत त्या अहवालाची. लोह ५.१ पीपीएम, म्हणजे ४.५ या धोक्याच्या रेषेच्या वर, शेरा "पुरेसे". पान पांढरं आणि कागद म्हणतोय लोह पुरेसं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता. नमुना मीच आणला होता, दीड एकरातून आठ ठिकाणची माती एकत्र करून. चांगली आणि वाईट जागा एकाच पिशवीत कालवल्यावर कागद तरी काय सांगणार?

पहिली तपासणी: हे लोहाचंच आहे ना?

चौथ्या वर्षी फवारणीचा पंप बाजूला ठेवला आणि रंगाचा लहान ब्रश घेतला. पाव लिटर पाण्यात सव्वा ग्रॅम हिराकस, म्हणजे अर्धा टक्का, आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. पिवळ्या पोंग्याच्या एका पानावर वीतभर लांबीला लावलं आणि दोन्ही टोकांना दोरा बांधला. असं दहा ठिकाणी केलं. सहाव्या दिवशी दोऱ्यांच्या मधली वीतभर पट्टी हिरवी आणि अलीकडे-पलीकडे पान पिवळंच. दहापैकी आठ ठिकाणी. इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

उरलेली दोन बेटं वेगळी निघाली. त्यात गवतासारखे बारीक, दाट, पांढरट फुटवे होते. तो गवताळ वाढीचा रोग. खोडव्यात तो हमखास दिसतो आणि लांबून बघणारा त्यालाही केवडाच म्हणतो. त्याला हिराकसानं काही होत नाही. ती बेटं मुळासकट उपटून काढावी लागतात, आणि त्या फडातलं बेणं घेऊ नये. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल आणि सगळं पान सारखंच फिकट असेल तर तो नत्राचा प्रश्न, त्याची दिशाच उलटी. लोह झाडात जुन्या पानातून नव्या पानाकडे सहज सरकत नाही, म्हणून लोहाची ओरड नेहमी शेंड्यावर असते.

दुसरी तपासणी: पट्टे कागदावर काढा

एका संध्याकाळी बांधावर बसून वहीत फडाचा नकाशा काढला आणि पिवळे पट्टे पेन्सिलीनं रंगवले. एकूण चौदा-पंधरा गुंठे भरले. आबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"हितं मशीननं माती काढली आन् हितं टाकली. काढली तिथं पिवळं, टाकली तिथं काळंभोर. आन् आरं, ते भट्टीचं रान हाय. तिथं वरची माती ऱ्हायली न्हाई तर काय हिरवं ऱ्हाणार?"

भट्टीचं रान हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय. कसली भट्टी, हे कधी विचारलं नव्हतं. चुन्याची. वाड्यांची बांधकामं घाण्यातल्या चुन्यात व्हायची तेव्हा या पट्टीतले चुनखडीचे खडे वेचून भाजायचे. आमच्या रानाचं वर्गीकरण गावानं आधीच करून ठेवलं होतं. मी त्याचा सर्व्हे नंबर तेवढा पाठ केला होता.

तिसरी तपासणी: खड्डा

जमिनीबद्दल काही ठरवायचं तर मीटरभर खोल खड्डा लागतो. टिकावानं मजुरासोबत अर्धा दिवस जातो, पण तीन वर्षांच्या औषधांपेक्षा स्वस्त. मी दोन खड्डे घेतले, एक काळ्याभोर, म्हणजे गर्द हिरव्या उसाच्या जागेत आणि एक पिवळ्या जागेत.

चांगल्या जागेत वरचा २० सेंटिमीटर थर तपकिरी, भुसभुशीत. ओली माती बोटांत दाबली की जेमतेम इंचभर पट्टी निघते आणि तुटते. काळ्या रानाच्या मातीसारखी लांब, चकचकीत पट्टी निघत नाही. हा पोयटा. शास्त्राच्या भाषेत चिकणमाती ७ ते २७ टक्के, गाळाचे मध्यम कण २८ ते ५० टक्के आणि वाळू ५२ टक्क्यांपर्यंत असली की पोयटा म्हणायचं. त्याखाली ५५ सेंटिमीटरपर्यंत रंग फिका होत जातो, आणि मुळांच्या जुन्या वाटांमध्ये बुरशीसारखे पांढरे धागे दिसतात. ती बुरशी नाही, चुना आहे. ५५ च्या खाली पांढरे खडे सुरू होतात, हरभऱ्यापासून सुपारीएवढे, वेडेवाकडे. फोडले तर आतून राखाडी. ९५ पर्यंत हाच थर आणि त्याखाली मुरूम.

पिवळ्या जागेत हाच खड्यांचा थर वीतभरावर लागला. वरची फूटभर माती मशीननं उचलून पलीकडे टाकली होती. आता आमचा नांगर चुनखडीतच चालत होता.

प्रत्येक थरातली चिमूटभर माती बशीत घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. प्रयोगशाळेत १० टक्क्यांचं वापरतात. मी संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात पातळ करून घेतलं. हातमोजे घाला, चेहरा लांब ठेवा, आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. चांगल्या जागेच्या वरच्या मातीत बारीक चुरचुर, लांबूनच कान दिला तर ऐकू येणारी. दुसऱ्या थरात डोळ्यांना दिसणारे बुडबुडे. खड्यांच्या थरात सोड्याच्या बाटलीसारखा फेस. पिवळ्या जागेच्या अगदी वरच्या मातीतही तसाच फेस आला. मी आणि मजूर दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो.

मग थरवार, जागावार वेगळे नमुने दिले. मुक्त चुना चांगल्या जागेत वरून खाली ८, १३ आणि २६ टक्के, मुरमात १०. पिवळ्या जागेच्या नांगरटीच्या थरातच २० टक्के. फळबागेसाठी सल्ला देणारे साधारणपणे १० टक्क्यांच्या वर सावध करतात आणि १५ च्या वर संवेदनशील पिकं टाळायला सांगतात.

हा चुना आला कुठून?

आपल्याकडे चुनखडकाचे डोंगर नाहीत. सह्याद्रीपासून सोलापूरपर्यंत खाली काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण बेसाल्टच्या खनिजांतच भरपूर कॅल्शियम असतं. खडक कुजतो तसं ते सुटं होतं. कोकणात २५००-३००० मिलिमीटर पाऊस ते धुऊन समुद्रात नेतो, म्हणून तिथली जांभी माती आंबट. आमच्या खोऱ्यात पाऊस माती ओली करतो, पण तळापर्यंत धुऊन काढण्याइतका पुरत नाही. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो, त्या पाण्यात वरचा चुना थोडा विरघळतो, ओल जिथपर्यंत जाते तिथपर्यंत उतरतो, आणि माती वाळली की तिथंच घट्ट होऊन बसतो. दरसाल थोडा थोडा. हजारो वर्षांनी त्याचे खडे झाले. खडे किती खोलवर सुरू होतात यावरून तिथला पाऊस जमिनीत साधारण किती मुरत आला, हे कळतं. आमच्याकडे दोन फुटांच्या आत.

खोऱ्याचा आडवा छेद मनात आणला की मातीची रांग दिसते. माथ्यावर माळ: वीतभर माती आणि खाली खडक. उतारावर मध्यम, मुरमाड. तळाला नदीपासून जरा लांब काळी भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. आणि नदीच्या जुन्या काठावर, ओढ्यांच्या तोंडाशी हा चुनखडीचा पोयटा. कुळवाला हलका, वाफशावर (पाणी निचरून मातीत हवा खेळेल अशा ओलीवर) लवकर येणारा, दिसायला देखणा. म्हणून तर फसायला होतं. पावसाची एक जोराची सर आली की पृष्ठभागावर पापडी धरतो आणि बाजरीचा कोंब खालीच अडकतो, एवढीच त्याची उघड खोड. बाकीची पोटात.

याचं शास्त्रीय नाव काय?

नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था आहे, १९७६ पासूनची. देशभरात मातीचे नकाशे अमेरिकी वर्गीकरणाच्या पद्धतीनं बनतात. त्या पद्धतीत आमच्या रानाचं नाव बसतं कॅल्सियुस्टेप्ट. तोंडात न मावणारं वाटतं, पण फोडलं की सोपं. शेवटचं "एप्ट" म्हणजे इन्सेप्टिसॉल गणातली, फार मुरलेली नाही अशी तरुण माती. "उस्ट" म्हणजे ओल मर्यादित, पण पिकाच्या हंगामात थोडीफार मिळते असं हवामान. "कॅल्सि" म्हणजे चुन्याचा थर. तो थर नुसता पांढरा दिसून चालत नाही. किमान १५ सेंटिमीटर जाड, चुना १५ टक्के किंवा जास्त, आणि खालच्या थरापेक्षा ५ टक्क्यांनी जास्त किंवा खडे-धाग्यांच्या रूपात स्पष्ट साठलेला. असा थर पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत सुरू व्हायला हवा आणि त्याच्या वरची मातीही ॲसिडला फसफसायला हवी. आमच्या खड्ड्यात सगळ्या अटी पुऱ्या. जागतिक पद्धतीत अशाच मातीला कॅल्सिसॉल म्हणतात.

शेजारचं तात्यांचं काळं रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं, खोलात मातीचे गुळगुळीत, घासलेले पृष्ठभाग दिसतात. ते व्हर्टिसॉल. त्यातही चुना आहे, पण चिकणमातीचा कारभार वेगळा. दोन्ही रानांना एकच शिफारस लागू करणं म्हणजे बैल आणि म्हशीला एकच दावं.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. आमची हिरवी जागा आणि पिवळी जागा, दोन्हींचं शास्त्रीय नाव एकच निघतं. वर्गीकरण मीटरभर खोलीचा विचार करतं आणि खोडव्याचं कोवळं मूळ पहिल्या फुटात जगतं. म्हणून नाव कळलं तरी चुना किती खोलवर सुरू होतो हा आकडा वेगळा लिहून ठेवायचा. मला विचाराल तर नावापेक्षा तोच आकडा कामाचा. आणखी एक, अहवालात पोत बघताना जपून: अतिबारीक चुन्याचे कणही चिकणमातीत मोजले जाऊ शकतात. वर्गीकरणात त्यांना चिकणमाती धरत नाहीत.

"पांढरी" म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

माझं जिप्सम वाया का गेलं ते आता कळेल. आपण पांढरी दिसणारी, पीक न येणारी जमीन एकाच नावात कोंबतो. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, विद्युत वाहकता ४ च्या वर, उन्हाळ्यात वर मीठ फुलतं. चोपण जमिनीत सोडियम जास्त, मातीच्या कणांवर १५ टक्क्यांहून जास्त जागा त्यानं अडवलेली, सामू बहुतेक वेळा ८.५ च्या वर, पाणी मुरत नाही. आणि चुनखडीची जमीन: सामू ७.८ ते ८.४ मध्ये घुटमळतो, क्षार कमी, पाणी छान मुरतं. चुना एकटा सामू ८.४ च्या फार वर नेऊ शकत नाही, म्हणून ८.८-९ असा आकडा दिसला की सोडियमचा संशय घ्यावा.

घरच्या घरी फरक बघायचा तर काचेच्या पेल्यात साधं पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या आणि वाळलेलं बोराएवढं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. दुसऱ्या दिवशी बघा. चोपण मातीचं पाणी चहासारखं गढूळच राहतं. चुनखडीचं ढेकूळ फुटलं तरी पाणी वर नितळ. माझ्या पेल्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम देऊन सोडियम हुसकायचं, हे त्याचं काम. माझ्या रानात सोडियम नव्हतंच, आणि कॅल्शियम तर पोत्यानं होतं. समुद्रात मीठ टाकल्यासारखं झालं. (उलट चोपण रानातही आधीच चुना असेल तर तिथं जिप्समऐवजी गंधक किंवा साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते, कारण त्यांच्या आम्लानं घरचाच चुना विरघळून कॅल्शियम मिळतं. तो विषय वेगळा.)

मग गंधक टाकून चुना संपवू का? हिशेब करा. एकरभर रानाची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९०० टन. तिच्यात २० टक्के चुना म्हणजे १८० टन. १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं. म्हणजे एकरी ५७-५८ टन गंधक. आणि दुकानातून आपण आणतो २० किलो, जे ६२ किलो चुन्याला पुरतं. जमिनीचा सामू बदलतो असं सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवा. गंधकाचा उपयोग आहे, पण तो मुळाजवळ ओळीत, शेणखतात मिसळून, हातभर जागेपुरता.

लोह आहे, तर पिकाला का नाही?

बेसाल्टच्या मातीत लोहाची कमी कधीच नसते, तिचा रंगच लोहाचा. पण सामू एकानं वाढला की पाण्यात विरघळणारं लोह हजारपटीनं कमी होतं. त्यात चुना अधिक पाणी अधिक कार्बन डायऑक्साइड मिळून बायकार्बोनेट तयार होतं, आणि ते मुळाची लोह घेण्याची ताकदच मारतं. पाणी जास्त झालं, वाफसा नाही, हवा कोंडली, की बायकार्बोनेट वाढतं. माझ्या वहीत पिवळेपणा वाढल्याच्या तारखा बघितल्या तर प्रत्येक वेळी आधी आठ दिवसांत पाटपाणी तुंबलेलं होतं किंवा थंडी होती. खोडव्यात जुनी मुळं थकलेली आणि नवी अजून फुटलेली नसतात, म्हणून लागणीत न दिसणारा केवडा खोडव्यात उघडा पडतो.

पांढऱ्या पानातही एकूण लोह कधी कधी हिरव्या पानाएवढंच भरतं, फक्त ते कामाच्या रूपात नसतं. म्हणून मातीचा किंवा पानाचा एकटा आकडा घेऊन निर्णय करू नका. ब्रशची चाचणी आणि चुन्याचा आकडा, दोन्ही एकत्र बघा.

ईडीटीए का फसलं, याचंही उत्तर इथंच. ते लोहाला धरून ठेवतं आंबट किंवा फार तर उदासीन मातीत. चुनखडीत कॅल्शियम त्याच्या हातातलं लोह सोडवून स्वतः जाऊन बसतं. डीटीपीए ७.५ सामूपर्यंत तग धरतं. आठच्या वर टिकतं ते ईडीडीएचए, गडद लालसर रंगाचं, मातीतून द्यायचं. महाग आहे. उसाला परवडत नाही, डाळिंब किंवा द्राक्षाच्या बागेत झाडाच्या मुळाशी मोजून द्यायला परवडतं. पुडीवर नुसतं "चिलेटेड" वाचून पैसे देऊ नका, कोणतं ते विचारा.

आता काय करतो

तातडीसाठी फवारणी, पण नीट. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस. आमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट एवढं की किटलीत आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. त्या पाण्यात थेट हिराकस टाकला तर दहा मिनिटांत बादली गंजासारखी तपकिरी. ते लोह पानात जात नाही, नोझलमध्ये बसतं. म्हणून आधी १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग हिराकस, शेवटी १५० ग्रॅम युरिया. द्रावण ताजं, लगेच मारायचं, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असे दोन-तीन हात. हिराकस घेताना हिरवट खडा बघून घ्या. पिवळी-तपकिरी भुकटी झालेला माल उतरलेला असतो.

जमिनीतून हिराकस नुसता फेकला तर चुन्यात लगेच जखडतो. एकरी १० किलो हिराकस त्याच्या दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून आठवडाभर सावलीत मुरवतो आणि खोडव्याच्या बगला (ओळीच्या दोन्ही बाजू) फोडल्यावर त्या ओळीत देऊन मातीनं झाकतो. यानं फरक पडला. त्याहून जास्त फरक पाण्यानं पडला. पाट बंद करून ठिबक, आणि पिवळ्या चौदा गुंठ्यांना वेगळा व्हॉल्व्ह. तिथं पाणी थोडं, पण वेळेवर. मातीला श्वास घ्यायला वेळ द्यायचा.

पाचट जाळणं बंद केलं. बुडखे जमिनीलगत छाटले की फुटवा खालून येतो आणि स्वतःची नवी मुळं लवकर धरतो, त्याचाही हात आहे. खतात युरिया वर फेकत नाही. चुनखडीत त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. मातीआड करतो; अमोनियम सल्फेट दिलं तरी तेही मातीआडच. स्फुरद (फॉस्फरस) चुन्याला चिकटून बसतं म्हणून सगळ्या रानात न पसरता मुळाजवळ, शेणखतासोबत. जस्ताचीही रड असतेच, झिंक सल्फेट त्याच खतात.

सेंद्रिय भर घालताना दोन सापळे आहेत. कारखान्याची मळी चांगली, पण सल्फिटेशन पद्धतीची (रस गंधकाच्या धुरानं साफ केलेली). कार्बोनेशनची (रस चुना आणि कार्बन डायऑक्साइडनं साफ केलेली) मळी म्हणजे चुनाच. आणि तलावातला गाळ आणण्याआधी त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाका. आपल्या खोऱ्यातला गाळ आपल्याच उतारावरून वाहून आलेला, त्यातही चुना असतोच. मी एका ठिकाणचा गाळ फेस बघून परत पाठवला, दुसऱ्या ठिकाणचा जरा चुरचुरला, तो घेतला आणि पिवळ्या जागेवर अर्धा फूट पसरला.

तरीही तीन गुंठे असे आहेत जिथं खडे अगदी वर आहेत. तिथं ऊस, भुईमूग, सोयाबीन, लिंबूवर्गीय काहीच लावू नये या मताला मी आलोय. भुईमूग तर तिथं आठवड्यात पिवळा पडून जमिनीचा अहवाल फुकट देतो. बोर आणि अंजीर चुना सोसतात. दोन ओळी बोराच्या लावल्यात. घरात कुणाला पटलेलं नाही. गेल्या खोडव्यात पिवळे गुंठे चौदावरून पाचावर आले, एवढं सांगून मी गप्प बसतो.

मशीन लावायच्या आधी

हे सगळं ज्या कारणानं झालं ते टाळता येतं. सपाटीकरणाआधी रानात दहा-बारा ठिकाणी ओल असताना पहार ठोका. पोयट्यात ती दबून जाते, चुनखडीला लागली की आवाज बदलतो, हाताला झिणझिण्या येतात. ती खोली वहीत लिहा. चुनखडी दोन फुटांच्या आत असेल तर तिथली माती कापायची नाही. उतार ठेवा, बांध घाला, ठिबकला उतार चालतो. कापावीच लागली तर आधी वरची वीतभर माती बाजूला काढून ठेवा आणि शेवटी परत पसरा. मशीनवाल्याला यात एक फेरा जास्त पडतो, म्हणून तो आपणहून सांगत नाही.

मागच्या महिन्यात तात्यांनी नदीकडच्या पट्टीत मशीन बोलावलं होतं. मी ॲसिडची बाटली आणि पहार घेऊन गेलो. ते हसले, म्हणाले, "मास्तर, शाळा सुटली का न्हाई अजून?" पहिल्या दोन ठिकाणी पहार गुडघ्यापर्यंत गेली. तिसऱ्या ठिकाणी दीड फुटावर खणकन वाजली. त्यांनी माझ्या हातातून पहार घेतली आणि शेजारी स्वतः ठोकली. पुन्हा तोच आवाज. मशीनवाल्याला चहा पाजून त्यांनी तसंच परत पाठवलं.